उजेड आधी, रंग मागाहून

२५ जून १९५१ रोजी सीबीएस या अमेरिकी कंपनीने न्यूयॉर्कहून पहिला व्यावसायिक रंगीत दूरचित्रवाणी कार्यक्रम प्रक्षेपित केला. पूर्व किनाऱ्यावरच्या पाच शहरांत तो पोचत होता. एड सलिव्हनसारखे घरोघरी ठाऊक असलेले चेहरे त्यात होते, पैसे मोजून आलेले जाहिरातदार होते. नव्हते ते फक्त प्रेक्षक. त्या वेळी अमेरिकी घरांत एक कोटीहून अधिक संच होते आणि त्यांपैकी बहुतेकांवर या कार्यक्रमाचे धड काहीच दिसत नव्हते. रंगीत दिसत नव्हते हे समजण्यासारखे आहे, पण कृष्णधवल चित्रही उमटत नव्हते. रंगीत दूरचित्रवाणीचा इतिहास सहसा लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची कहाणी म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यातला निर्णायक शोध रंगाचा नाहीच. चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग ही दोन निरनिराळी कामे आहेत, ती वेगळी करता येतात आणि वेगळीच पाठवावीत, हा तो शोध. चित्र अधिक स्वच्छ दिसावे म्हणून कोणी त्याच्यामागे लागले नव्हते. घराघरांत आधीच विकत घेऊन ठेवलेल्या त्या एक कोटी संचांनी तो करायला भाग पाडले. पुढची चाळीस वर्षे स्वच्छ चित्रासाठी जी धडपड झाली, ती या वाटणीच्या चुकीमुळे नव्हे, तर ही वाटणी तत्त्वात झाली आणि व्यवहारात अर्धीच राहिली म्हणून.

सीबीएसची पद्धत वेडगळ होती असे मात्र समजू नये. पीटर गोल्डमार्क या हंगेरीत जन्मलेल्या अभियंत्याने ती १९४० पासून विकसित केली होती. कॅमेऱ्यासमोर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची चकती फिरे आणि एकामागून एक तीन रंगांची चित्रे पाठवली जात. घरच्या पडद्यासमोर तशीच चकती त्याच तालात फिरली की डोळा तिन्ही चित्रे एकत्र करी आणि रंगीत दृश्य दिसे. रंग सुरेख येत, यंत्रणाही तुलनेने सोपी. अडचण वेगाची होती. एका चित्राच्या जागी तीन पाठवायची म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी १४४ क्षेत्रे, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे, पाठवावी लागत, आणि ती उपलब्ध पट्ट्यात बसवायची तर रेषा ५२५ वरून ४०५ वर आणाव्या लागत. म्हणजे रंग मिळवण्यासाठी बारकावा सोडायचा. शिवाय चकती पडद्याच्या दुपटीहून मोठी हवी, त्यामुळे पडद्याच्या आकाराला मर्यादा पडे. सगळ्यात वाईट म्हणजे ५२५ रेषा आणि ६० क्षेत्रांसाठी बांधलेल्या जुन्या संचाला या संकेताची लयच पकडता येत नसे. त्याला वेगळा जोड-भाग लावल्याशिवाय पडद्यावर नुसता गोंधळ.

तरीही ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने याच पद्धतीला मान्यता दिली, कारण प्रतिस्पर्धी आरसीएने तोवर दाखवलेले रंग भरवशाचे नव्हते. आरसीए न्यायालयात गेली. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला आणि महिनाभरात तो प्रेक्षकहीन शुभारंभ झाला. ऑक्टोबर १९५१ मध्ये कोरियातल्या युद्धाच्या सामग्रीचे कारण देऊन सरकारने रंगीत संचांचे उत्पादन थांबवायला सांगितले, आणि सीबीएसने प्रक्षेपण बंद केले. या बंदीने सीबीएसचीच सुटका झाली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. येथे एक आक्षेप हमखास येतो: पुढे जी पद्धत आली ती गुणांवर जिंकली नाही, आरसीएचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ यांच्या दबावाने, वकिलांनी आणि वेळकाढूपणाने जिंकली. यातला दबावाचा भाग खरा आहे. जितके दिवस निकाल लांबे तितके कृष्णधवल संच वाढत, आणि जितके संच वाढत तितकी सीबीएसची बाजू लंगडी पडे, हे सार्नॉफना नीट कळत होते. गोल्डमार्कची कल्पना फुकट गेली नाही हेही खरे. मे १९६९ मध्ये अपोलो १० मधून रंगीत चित्रे आली ती फिरत्या चकतीच्याच कॅमेऱ्याने, आणि ह्यूस्टनमध्ये ती नेहमीच्या संकेतात बदलून पुढे पाठवली गेली. पण यातून उलटेच सिद्ध होते. अंतराळयानातून येणारा संकेत एकाच ठिकाणी उतरतो, तिथे हवी ती रूपांतर-यंत्रणा ठेवता येते. एक कोटी दिवाणखान्यांत ती ठेवता येत नाही. सार्नॉफ यांचा स्वार्थ आणि सामान्य ग्राहकाचे हित येथे एका बाजूला आले, आणि व्यापाराच्या इतिहासात असे कधीमधी घडते.

जुन्या संचाला सांभाळून घ्यायचे तर काय करायला हवे, याचे उत्तर मात्र आरसीएच्याही आधी एका फ्रेंच माणसाने लिहून ठेवले होते. जॉर्ज व्हालेन्सी हे टेलिफोन क्षेत्रातले अभियंते. जानेवारी १९३८ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये एक पेटंट दाखल केले. तेव्हा साधी कृष्णधवल दूरचित्रवाणीसुद्धा जगात मोजक्या शहरांपुरती होती. व्हालेन्सींची मांडणी अशी की लाल, हिरवा, निळा असे तीन संकेत पाठवू नयेत. एक संकेत फक्त दृश्याच्या उजळपणाचा असावा आणि दुसरा फक्त रंगाचा. रंगीत संच दोन्ही घेईल, साधा संच पहिलाच घेईल, आणि कृष्णधवल प्रक्षेपण रंगीत संचावरही दिसेल. दोन्ही बाजूंची ही सोय, म्हणजे जुन्या संचावर नवे प्रक्षेपण आणि नव्या संचावर जुने, या विचाराचा गाभा आहे. व्हालेन्सींनी सुचवलेली प्रत्यक्ष यंत्रणा कोणी वापरली नाही. संदेशवहनाच्या जाळ्यात काम करणाऱ्या माणसालाच हे आधी सुचावे याचे मला नवल वाटत नाही: नवे उपकरण जोडताना जुने बंद पडता कामा नये, हा टेलिफोनवाल्यांचा रोजचाच धर्म.

जुन्या संचाची सोय हे वाटणीचे निमित्त झाले. ती वाटणी टिकली ती डोळ्यामुळे. आपल्या डोळ्याला कडा, रेषा, पोत हे सारे कळते ते मुख्यतः उजेडाच्या फरकावरून. रंगाच्या बाबतीत तोच डोळा बराच ढिला आहे. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मुळात थोड्या, आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर, जिथे आपली नजर सर्वांत तीक्ष्ण, तिथे त्या नसतातच. आरसीएचे आल्डा बेडफर्ड यांनी या ढिलेपणाची मोजमापे घेऊन १९५० मध्ये दाखवून दिले की चित्रातले बारीक तपशील रंगात पाठवण्याची गरजच नाही. ते करड्या छटांत पाठवले आणि रंगाचे फक्त ठोकळ पट्टे दिले तरी पाहणाऱ्याला फरक कळत नाही. जुन्या स्टुडिओंमध्ये कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवत तेव्हा हेच होत असे. शालूचा जांभळा रंग काठाबाहेर थोडा सांडला, गालावरची लाली अंमळ पसरली, तरी फोटो रेखीवच दिसे, कारण रेखीवपणा सांभाळायला खालचा फोटो होता. म्हणजे रंगासाठी उजेडाइतकी जागा लागतच नाही. तीन रंगांना तीन पूर्ण वाटे देणाऱ्या पद्धतीत दोन वाटे जवळजवळ वाया जातात, आणि सीबीएसला रेषा कमी कराव्या लागल्या त्या या उधळपट्टीपायी.

१९५० मध्ये अमेरिकी उद्योगाने राष्ट्रीय दूरचित्रवाणी पद्धती समिती पुन्हा उभी केली. हीच एनटीएससी. जनरल इलेक्ट्रिकचे डब्ल्यू. आर. जी. बेकर तिचे अध्यक्ष होते, आणि एरवी एकमेकांच्या पेटंटांवर टपलेल्या कंपन्यांचे अभियंते तिच्या मंडळांवर बसले. अंतिम पद्धत सर्रास आरसीएच्या नावावर जमा केली जाते, ते न्याय्य नाही. प्रकाशसंकेतात फक्त प्रकाश असावा आणि रंगाच्या वाहिनीत शिरलेल्या खरखरीने चित्राचा उजळपणा हलू नये, हा आग्रह धरला हेझेल्टाइन कंपनीच्या बर्नार्ड लॉक्लिन यांनी. तिन्ही रंगांतून प्रकाशसंकेत कसा बनवायचा याचे प्रमाण डोळ्याच्या संवेदनशीलतेवरून ठरले: हिरव्याचे ५९ टक्के, लालचे ३० टक्के, निळ्याचे ११ टक्के. मग लालातून हा प्रकाश वजा करायचा, निळ्यातूनही वजा करायचा, आणि उरलेले दोन फरक म्हणजे रंग. हिरवा वेगळा पाठवण्याची गरज नाही, बाकीच्या तिघांवरून तो हिशेबाने निघतो. या वजाबाकीत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. दृश्यातला भाग पांढरा, करडा किंवा काळा असेल तर दोन्ही फरक शून्य होतात आणि रंगसंकेत तिथे आपोआप नाहीसा होतो. रंग नसेल तिथे रंगाची लुडबुडही नाही.

आता प्रश्न जागेचा. अमेरिकेत एका वाहिनीला ६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळत होता. त्यातला सुमारे ४.२ मेगाहर्ट्झ चित्राने व्यापलेला, त्याच्या पलीकडे ४.५ वर ध्वनी. रंगाला बसायला कुठेच जागा दिसत नव्हती. पण ती होती, आणि ती कशी हे बेल प्रयोगशाळेच्या फ्रँक ग्रे आणि पियर मर्ट्झ यांनी १९३४ मध्येच गणिताने मांडले होते. चित्र रेषांनी बनते आणि लागोपाठच्या रेषा बहुतेक सारख्याच असतात. तेच ते थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे संकेताची ऊर्जा सगळ्या पट्ट्यात सारखी पसरत नाही. ती रेषांच्या वारंवारतेच्या पटींभोवती घोळक्याने जमते, आणि दोन घोळक्यांच्या मधली जागा जवळजवळ रिकामी राहते. वरकरणी गच्च भरलेला पट्टा मुळात विरळ होता. रंगाची उपवाहक लहर रेषा-वारंवारतेच्या निम्म्याच्या विषम पटीवर ठेवली, तर रंगाचे घोळके बरोबर या रिकाम्या जागांत पडतात. एनटीएससीने पट निवडली ४५५. म्हणजे एका रेषेत उपवाहकाची २२७ पूर्ण आवर्तने आणि वर अर्धे. ते अर्धे आवर्तन हाच सगळ्या युक्तीचा प्राण. त्याच्यामुळे जुन्या संचाच्या पडद्यावर रंगसंकेतामुळे उमटणारे बारीक ठिपके प्रत्येक रेषेवर उलटतात: वरच्या रेषेत जिथे उजळ ठिपका, खालच्या रेषेत तिथे गडद. रेषा ५२५, म्हणजे विषम, असल्यामुळे पुढच्या चित्रात तीच जागा पुन्हा उलटते. डोळा दोन्हींची सरासरी काढतो आणि ठिपके बव्हंशी मिटून जातात. वर सांगितलेले दोन रंगफरक या एकाच लहरीवर पाव आवर्तनाच्या अंतराने स्वार केले आणि प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला त्या लहरीचा छोटा नमुना जोडला, म्हणजे संचाला आपला ताल जुळवता यावा.

एवढ्यावर भागले नाही. रंगाचा उपवाहक आणि ध्वनीचा वाहक यांच्या संगनमताने ९२० किलोहर्ट्झच्या आसपास तिसरीच एक लहर उपजत होती आणि ती पडद्यावर दिसे. ती अदृश्य करायची तर ध्वनीचा वाहक रेषा-वारंवारतेच्या नेमक्या पूर्ण पटीवर हवा. ध्वनी थोडा सरकवला असता तर काम झाले असते, पण जुन्या संचांचा आवाज बिघडला असता. मग समितीने ध्वनी जागेवर ठेवला आणि चित्रच हजारात एका भागाने हळू केले. रेषा सेकंदाला १५,७५० होत्या त्या सुमारे १५,७३४ झाल्या, क्षेत्रे ६० ची ५९.९४, आणि उपवाहक ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर स्थिरावला. त्या एक कोटी संचांचा आवाज चांगला राहावा म्हणून घेतलेला हा निर्णय आजही संपादकांच्या मागे लागलेला आहे. सेकंदाला ३० चित्रे धरून मोजले तर तासाला ३.६ सेकंदांची तफावत पडते, म्हणून त्यांच्या वेळमोजणीत दर तासाला १०८ क्रमांक गाळावे लागतात. १७ डिसेंबर १९५३ रोजी आयोगाने नव्या पद्धतीला मान्यता दिली. १९५४ मध्ये आरसीएचा पहिला संच बाजारात आला त्याची किंमत १००० डॉलर आणि पडदा १५ इंची नळीचा. अर्थातच तो थोड्यांनी घेतला. पुढची दहाबारा वर्षे रंगीत कार्यक्रम पाहणारे बहुतेक लोक ते कृष्णधवल संचांवरच पाहत होते, आणि आपण रंगीत कार्यक्रम पाहतो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता. पद्धत यशस्वी झाल्याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द तंत्रज्ञांचा आहे. एकदा वेगळे केलेले प्रकाश आणि रंग तुम्ही पुन्हा एकाच पट्ट्यात कोंबलेत, आणि त्याची शिक्षा जगाने अर्धे शतक भोगली, असे ते म्हणतात. शिक्षा खरीच होती. संचात आलेला संकेत पुन्हा सुटा करायला स्वस्त उपाय एकच होता: ३.५८ मेगाहर्ट्झच्या आसपासचे सगळे प्रकाशातून कापून टाका आणि तेवढेच रंग म्हणून वाचा. ही कुऱ्हाड घोळके आणि मधल्या जागा यांत भेद करत नसे. त्यामुळे प्रकाशाचे सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या वरचे बारकावे, जे हवेतून घरापर्यंत व्यवस्थित आलेले असत, ते दारातच टाकून दिले जात. महागडा रंगीत संच पुष्कळदा साध्या कृष्णधवल संचापेक्षा बोथट चित्र दाखवी. जो रंग कापणीतून निसटे तो दोन भडक रंगांच्या सीमेवर सरकत जाणारे ठिपके बनून दिसे. उलट दिशेची गळती तर अधिकच डोळ्यांवर येई. निवेदकाच्या कोटावरची बारीक चौकट किंवा पट्ट्यांचा शर्ट यांची वारंवारता रंगाच्या जागेत शिरली की संच तिला रंग समजे, आणि करड्या कोटावर इंद्रधनुष्य नाचू लागे. बारीक रेघांचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर येऊ नये हा दंडक त्यातून आला. दोष होता, पण तो संकेतात नव्हता. संकेत सुटा होईल अशाच बेताने विणला होता. संचाला मात्र फक्त वारंवारता कळत होती, आधीची रेषा आठवत नव्हती. रेषा आठवल्याशिवाय ते अर्धे आवर्तन ओळखणार कसे? एनटीएससीने १९५३ मध्ये जो संकेत रचला तो त्या काळच्या कोणत्याही परवडणाऱ्या संचापेक्षा शहाणा होता.

युरोपाने मधल्या काळात वेगळीच दुखणी बरी केली. अमेरिकी पद्धतीत वाटेत लहरीचा ताल किंचित चुकला की चेहऱ्यांचा रंग बदले, आणि तिच्या आद्याक्षरांवरून रंग दोनदा सारखा न येण्याचा विनोद अभियंत्यांत रूढ होता. फ्रान्समध्ये आँरी द फ्रान्स यांनी दोन्ही रंगफरक आळीपाळीने, एका रेषेत एक असे पाठवणारी सेकॅम पद्धत काढली. जर्मनीत टेलिफुंकेनचे वॉल्टर ब्रूख यांनी दर रेषेला एका रंगफरकाची दिशा उलटवली, म्हणजे दोन रेषांतल्या चुका एकमेकींना खोडतील. ही पाल पद्धत. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी ती युरोपातल्या तज्ज्ञांना दाखवली आणि १९६७ मध्ये ब्रिटन व पश्चिम जर्मनीत तिचे प्रक्षेपण सुरू झाले. दोन्ही पद्धतींचे भांडण पुष्कळ गाजले, द गॉल यांच्या फ्रान्सने त्याला राष्ट्राभिमानाचा रंग दिला. पण उजेड एका बाजूला आणि रंग दुसऱ्या बाजूला, हे दोघांनीही निमूटपणे मान्य केले होते. भांडण होते ते रंगाला कसे गुंडाळायचे एवढ्यावरच. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी: पालच्या संचात ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर एक रेषाभर, संकेत थोपवून धरणारी काचेची विलंबपट्टी असे. काचेतून ध्वनिलहरीच्या रूपाने जाताना संकेताला तेवढा उशीर होई. एका रेषेची का होईना, स्मरणशक्ती घरच्या टीव्हीत आली ती अशी.

भारतात १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केले आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा रंगांत दाखवल्या, त्या पाल पद्धतीने. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून कृष्णधवल चालत आले होते. महाराष्ट्रातल्या घरांत तेव्हा सरकत्या लाकडी दारांचे, उधारीवर घेतलेले, शेजाऱ्यांसह पाहायचे संच होते. त्या दिवशी यांतला एकही संच निकामी झाला नाही. रंगीत संच परवडायला कित्येकांना पुढे दहा वर्षे लागली, आणि मधल्या काळात रामायण, महाभारतासारख्या रंगीत मालिका याच संचांनी करड्या छटांत चोख दाखवल्या. हौसेखातर काहींनी पडद्यावर वर निळसर, खाली हिरवट प्लास्टिकचा कागद लावला हे वेगळे. ग्राहकावर नव्या संचाची सक्ती न करता नवे तंत्र आणता येते, आणि गरीब देशात याला किती अर्थ आहे, हे १९५० मध्ये वॉशिंग्टनला वाद घालणाऱ्यांच्या मनातही नसेल. चकतीची पद्धत टिकली असती तर आपल्याकडे रंग यायला बहुधा आणखी उशीर झाला असता, कारण कोणते सरकार लाखो संच एका रात्रीत मुके करणार?

अर्धवट राहिलेली वाटणी पुरी झाली ती संचाला स्मरणशक्ती आल्यावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोंब फिल्टर असलेले संच विकायला आले. त्याची कृती थक्क करण्याइतकी साधी आहे. चालू रेषेत आधीची रेषा मिळवा: प्रकाश दोन्हींत सारखा म्हणून दुप्पट होतो, आणि रंगाची लहर अर्ध्या आवर्तनाने उलटलेली म्हणून शून्य होते. आता बेरजेऐवजी वजाबाकी करा: प्रकाश जातो, रंग उरतो. बारकावे कापायचे कारणच राहत नाही. ग्रे आणि मर्ट्झ यांच्या रिकाम्या जागा येथे प्रथमच फणीने विंचरल्यासारख्या वेगळ्या निघाल्या. अर्थात गृहीतक असे की लागोपाठच्या दोन रेषा सारख्या आहेत. जिथे त्या सारख्या नसतात, समजा लाल पट्ट्याखाली लगेच निळा पट्टा आला, तिथे सीमेवर ठिपक्यांची ओळ लोंबते. पुढे स्मृतिचिप स्वस्त झाल्या तेव्हा संच एका रेषेऐवजी अख्खे चित्र आठवू लागला. स्थिर दृश्यात ही वाटणी जवळजवळ निर्दोष झाली. दृश्य हलले की संचाला पुन्हा रेषांकडे वळावे लागे. पालमध्ये उपवाहकाचे गणित पाव आवर्तनाचे असल्यामुळे हेच काम जास्त किचकट होते. जिथे हवेतून पाठवण्याची सक्ती नव्हती तिथे तर लोकांनी गाठ मारणेच सोडले. १९८७ मध्ये एस-व्हीएचएस टेप आणि तिच्यासोबत चार टोकांची एस-व्हिडिओ जोडणी आली: प्रकाशाची तार वेगळी, रंगाची वेगळी.

संकेत संचापेक्षा शहाणा होता याचा मला सर्वांत पटणारा पुरावा ब्रिटनमधला आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात असंख्य रंगीत टेपा पुसून पुन्हा वापरल्या. काही कार्यक्रम उरले ते परदेशी विकण्यासाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्मवर, आणि ही फिल्म काढत ती सरळ पडद्यासमोर कॅमेरा ठेवून. रंगाचे ठिपके फिल्मवर येऊ नयेत म्हणून आधी गाळणी लावायची असे. अनेकदा ती लावली गेली नाही. चाळीस वर्षे या फिल्मवरचे ते जाळीदार ठिपके म्हणजे घाण समजली जात होती. पण ते ठिपके म्हणजेच रंगसंकेत. अभियंत्यांच्या एका गटाने फिल्म बारकाईने स्कॅन केली, वाकडे झालेले चित्र सरळ केले, ठिपक्यांचा ताल शोधला आणि त्यांतून मूळ रंग बाहेर काढले. अंदाजाने भरलेले नव्हेत, त्या दिवशी स्टुडिओत असलेले. ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचा केवळ कृष्णधवल उरलेला एक भाग २००८ मध्ये असा रंगांत दाखवला गेला. प्रकाशात रंग मिसळल्याची तक्रार करणाऱ्यांना याहून मार्मिक उत्तर देता येणार नाही: तो मिसळला होता, हरवला नव्हता.

आज हवेतून येणारा संकेत अंकीय आहे, एकाच पट्ट्यात दोघांना कोंडण्याची सक्ती संपली, जुने संच भंगारात गेले. वाटणीचे मूळ कारणच उरले नाही, तेव्हा ती सुटायला हवी होती. झाले उलटेच. १९८२ मध्ये स्टुडिओंसाठी जे आंतरराष्ट्रीय अंकीय मानक ठरले त्यात प्रकाशाचे नमुने सेकंदाला १३.५ दशलक्ष आणि प्रत्येक रंगफरकाचे त्याच्या निम्मे. डीव्हीडी, उपग्रह वाहिन्या आणि फोनवरचा व्हिडिओ आणखी पुढे गेले: दर चार प्रकाशबिंदूंमागे रंगाची एकच जोडी, म्हणजे तीन पूर्ण रंग पाठवण्याच्या निम्म्यात काम. डोळ्याविषयीचा बेडफर्ड यांचा हिशेब एक कोटी संचांच्या हिशेबाहून टिकाऊ निघाला. तो सगळीकडे लागू पडतो असे मात्र नाही. लॉक्लिन यांना हवी होती तशी निखळ वाटणी प्रत्यक्षात कधीच झाली नाही. कॅमेऱ्यातून येणारे रंग आधीच वक्र केलेले असल्यामुळे गडद लाल किंवा निळ्या कापडाचा थोडा उजेड रंगाच्या वाटेने जातो, आणि त्याच्यासोबत त्या कापडाचा पोतही थोडा बोथट होतो. आणि सारे गणित मांडले होते ते चेहरे, झाडे, कपडे यांवर, जिथे रंग बदलतो तिथे बहुधा उजेडही बदलतो. संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे तशी नसतात. लॅपटॉप टीव्हीला जोडून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरे आणली की त्यांच्या कडा पसरलेल्या दिसतात, कारण पुष्कळ टीव्ही आत आलेल्या चित्राचा रंग आपल्या सवयीने निम्मा करून टाकतात. त्यावर उपाय सेटिंगमध्ये असतो, संगणकासाठीचा प्रकार निवडायचा, म्हणजे संच रंगालाही उजेडाइतकेच बिंदू देतो.